सोळा आण्यांचे मत

आमच्या वर्धेकडच्या बोलण्यात 'सोळा आणे' हा शब्दप्रयोग अजून जिवंत आहे. एखादी गोष्ट पुरती खरी असली म्हणजे ती सोळा आणे खरी. आणेल्या चलनातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, दशमान पद्धतीत वाढलेल्या मुलांनी आणा पाहिलेलाही नाही, तरी ती मुले 'सोळा आणे' म्हणतातच. हा शब्द नाण्यांवरून आला हे खरे. पण आमच्या जिल्ह्यात त्याला आणखी एक अर्थ होता, आणि तो अर्थ नाण्यांपेक्षा पुष्कळ वजनदार होता. गाव सोळा आण्यांचे असे. कोणाकडे आठ आणे गाव, कोणाकडे चार, कोणाकडे दीड. एका इमारतीत राहणाऱ्या माणसांनी मते कशी मोजावीत, या अगदी आजच्या प्रश्नाचा विचार करताना मला हे जुने आणे वारंवार आठवतात. वाचकांस हा संबंध प्रथमदर्शनी ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

वर्धा जिल्हा फार जुना नाही. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्यप्रांत तयार झाला आणि पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग तोडून हा जिल्हा करण्यात आला. त्याचे ठाणे आधी पुलगावाजवळ कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर आखले गेले. याच सुमारास जमाबंदीचे काम झाले, आणि सरकारने एक मोठा निर्णय घेतला. भोसल्यांच्या वेळी गावचा पाटील किंवा मालगुजार हा वसुली करून सरकारात भरणा करणारा माणूस होता. इंग्रजी जमाबंदीने त्याला गावाचा मालक केले. शेजारी वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे प्रत्येक कुणब्याचा सरकारशी थेट संबंध. आणि वर्धा नदी ओलांडून अलीकडे आले की मालगुजारी. नदी तीच, माती तीच, कापूस तोच, बोलीही जवळजवळ तीच. पण अलीकडच्या काठावर गावाला मालक होता आणि पलीकडच्या काठावर नव्हता.

मालकी आली की वाटे आले. मालगुजाराला चार मुलगे असले तर पुढच्या पिढीत गाव चार-चार आण्यांत वाटले जाई. एखाद्याने आपले दोन आणे सावकाराकडे गहाण टाकावेत, ते सुटू नयेत, आणि गावात कधी पाऊल न टाकलेला मारवाडी किंवा ब्राह्मण सावकार दोन आण्यांचा मालक व्हावा, असेही पुष्कळ होई. हिस्सेदार अनेक, पण सरकारला सारा भरणारा माणूस एक हवा. म्हणून त्यांच्यातला एक लंबरदार. त्याने सारा भरावा, गावचा हिशोब ठेवावा आणि उरलेला नफा आण्यांच्या प्रमाणात हिस्सेदारांना द्यावा. गावचा रोजचा कारभार पाहणारा तो मुकद्दम. बहुधा ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. १८८१ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्यात या सगळ्यांची रीतसर व्यवस्था लावलेली आहे.

आता ही रचना वेगळ्या नजरेने पाहावी. एक सामाईक मिळकत आहे. तिचे अनेक मालक आहेत. प्रत्येकाचा हिस्सा अपूर्णांकात ठरलेला आहे. खर्च आणि उत्पन्न त्याच अपूर्णांकाने वाटावयाचे आहे. सर्वांच्या वतीने व्यवहार पाहणारा एक माणूस आहे. गावठाण, पांढरी, चराई, तलाव, आंबराई हे सारे सामाईक आहे. आजच्या इमारतीचे जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि वाहने ठेवण्याची जागा यांचे जे नाते घरमालकांशी असते, तेच हे. आणि ज्यांना गावात काहीच आणा नव्हता, ती कुळे, ती बलुतेदार मंडळी, ते महारवाड्यातले लोक, यांचे मत कोणी विचारावे अशी सोयच त्या हिशोबात नव्हती. तलावाचे पाणी मात्र तेच पीत, निदान ज्यांना पिऊ दिले जाई ते तरी. मालगुजार सगळेच जुलमी होते असे म्हणण्याचा माझा उद्देश नाही. काहींनी बांधलेल्या विहिरी आणि देवळे आजही गावे वापरीत आहेत. प्रश्न माणसांच्या भलेबुरेपणाचा नसून मोजण्याच्या रीतीचा आहे. मोजले जात ते आणे. माणसे मोजली जात नसत.

ही व्यवस्था ३१ मार्च १९५१ रोजी संपली. १९५० च्या मध्यप्रदेश कायद्याने मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. योगायोग असा की त्याच मार्च महिन्यात विनोबा आमच्याच जिल्ह्यातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनास पायी निघाले होते. पुढच्या महिन्यात पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आठ आण्यांच्या मालकाला एक मत आणि त्याच्या सालदारालाही एक मत मिळाले. वर्ध्याहून त्या वेळी लोकसभेवर निवडून गेले ते श्रीमन्नारायण अग्रवाल. १९४६ साली त्यांनी स्वतंत्र हिंदुस्थानासाठी एका गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा लिहिला होता, आणि त्याची सुरुवात गावातल्या प्रौढ माणसांनी निवडलेल्या पंचायतीपासून होती. मत कोणाला आणि कसे, हा विषय या जिल्ह्याला नवा नाही, एवढेच यावरून सांगावयाचे आहे.

आता दुसरा प्रवाह. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली कामगारांनी एक दुकान काढले. त्यांच्या परंपरेतून सहकारी चळवळीचा जो मुख्य नियम जगभर गेला तो हा : भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. कारखानदारांच्या कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. त्याच्या उलट रीत मुद्दाम ठेवावयाची, असा त्यातला बाणा होता. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली आला तो शेतकऱ्याला कर्ज मिळावे म्हणून. १९१२ चा दुसरा कायदा अधिक व्यापक होता, आणि त्यातली मताची तरतूद पाहण्याजोगी आहे. जेथे सभासदांची जबाबदारी अमर्याद, तेथे प्रत्येकास एकच मत. जेथे ती भागांपुरती मर्यादित, तेथे पोटनियमांत ठरेल त्याप्रमाणे. सगळे घरदार पणाला लावणाऱ्या माणसांत लहानमोठे करता येत नाही, आणि मोजकी रक्कम गुंतविणाऱ्यांत करता येते, असा त्यामागचा विचार असावा असे मला वाटते. मला तो मोठा शहाणपणाचा वाटतो.

घरांच्या बाबतीत हा प्रयोग मुंबईत प्रथम रुजला. गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी होते. इमारती संस्थेच्या, आणि सभासद हे संस्थेचे भाडेकरू. घर कोणाचेच नाही आणि सर्वांचे आहे. अशा ठिकाणी चौरस फुटांवर मत मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन खोल्यांत राहणारा कारकून आणि चार खोल्यांत राहणारा वकील सभेत सारखेच. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला, त्यातही हीच रीत कायम राहिली : एका सभासदाला एकच मत, आणि दोन्ही बाजूंची मते सारखी पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत. आज मुंबई-पुण्याच्या बहुसंख्य इमारती याच कायद्याखाली चालतात. तेथल्या वार्षिक सभांतले रणकंदन ज्यांनी पाहिले असेल त्यांना एक माणूस एक मत म्हणजे काय हे पुस्तकावाचून कळले असेल!

परंतु घर विकत घेणाऱ्याला 'तुम्ही संस्थेचे सभासद, घर संस्थेचे' ही भाषा पचत नव्हती. त्याला आपले घर आपले हवे होते. विकता यावे, गहाण टाकता यावे, मुलाला लिहून देता यावे. १९६३ साली मालकी तत्त्वावरील सदनिकांचा कायदा झाला तो मुख्यतः बांधणाऱ्यांच्या लबाडीला लगाम घालण्यासाठी. त्यानंतर १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा आला. त्याची घडण अमेरिकेतल्या तशा कायद्यांशी मिळतीजुळती आहे. या कायद्याखाली सदनिका ज्याची त्याची, आणि जमीन, जिना, गच्ची, भिंती यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. हा हिस्सा शेकडेवारीत ठरवावयाचा, तो एका घोषणापत्रात लिहावयाचा, आणि घोषणापत्र नोंदवावयाचे. सामाईक खर्च त्याच शेकडेवारीने, आणि मतही त्याच शेकडेवारीने. कायद्यात 'बहुमत' या शब्दाचा अर्थ दिला आहे तो डोक्यांचे बहुमत असा नाही. घोषणापत्रात ठरलेल्या शेकडेवारीप्रमाणे एक्कावन्न टक्के किंवा अधिक मते, असा आहे.

हे वाचल्यावर मला काय आठवले ते सांगावयास नकोच. आणे गेले आणि टक्के आले.

मुंबईपेक्षा आमच्यासारख्या गावांत या कायद्याची गोडी अधिक लागली. वर्ध्यात चार-पाच मजली इमारती उभ्या राहू लागल्या त्या गेल्या तीस-चाळीस वर्षांत. रामनगर, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी या बाजूंना पूर्वी जेथे शेते किंवा एकेकटी घरे होती तेथे. तळमजल्यावर दुकाने आणि वर बिऱ्हाडे हा ठरलेला नमुना. एकाच इमारतीत व्यापार आणि संसार एकत्र आले की शेकडेवारीला धार येते, कारण दुकानाची किंमत घराच्या कितीतरी पट असते आणि कायद्याच्या मूळ रचनेत हिस्सा ठरतो तो किंमतीवरून.

मी राहतो ती इमारत अशीच आहे. नाव सांगत नाही. त्यातले सर्व लोक अजून एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहत आहेत. तळाला चार दुकाने आणि वर तीन मजल्यांवर बारा घरे, म्हणजे एकूण सोळा गाळे. सोळा आण्यांचे सोळा गाळे, हा केवळ योगायोग. घोषणापत्रात प्रत्येक घराला साडेचार टक्के आणि प्रत्येक दुकानाला साडेअकरा टक्के लिहिले आहेत. बारा घरांचे मिळून चोपन्न, चार दुकानांचे सेहेचाळीस. इथवर घरांचे पारडे जड दिसते. परंतु चार दुकानांचे मालक तिघेच आहेत, आणि त्यांपैकी एकाने पहिल्या मजल्यावरची दोन घरेही विकत घेऊन भाड्याने दिली आहेत. त्या दोन घरांचे नऊ टक्के तिकडे गेले. म्हणजे तिघे जण पंचावन्न टक्के आणि उरलेली दहा कुटुंबे पंचेचाळीस टक्के. जुन्या हिशोबाने सांगावयाचे तर तिघे पावणेनऊ आण्यांच्या वर आणि दहा बिऱ्हाडे सव्वासात आण्यांच्या आत.

पहिली काही वर्षे हे आकडे कोणी वाचलेही नव्हते. गणपतीची वर्गणी, जिन्यातला दिवा, टाकी धुणे, यासाठी कोणी टक्के मोजीत नाही. गोष्ट निघाली ती लिफ्टवरून. इमारत बांधली तेव्हा लिफ्टची जागा सोडलेली होती, पण लिफ्ट बसविली नव्हती. जिन्यामागची ती मोकळी जागा दुकानदारांच्या मालाच्या खोक्यांनी भरून गेली होती. तिसऱ्या मजल्यावर एक विधवा बाई राहत. त्यांना आम्ही सगळेच काकू म्हणत असू. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची नोकरी झालेली. गुडघे गेले तशा त्या आठवड्यातून एकदा उतरू लागल्या, मग महिन्यातून एकदा. भाजी टोपलीत दोरीने वर ओढून घेत. त्यांनीच एका बैठकीला निरोप पाठविला, "माझ्यासाठी नको म्हणा, पण तुम्हीही म्हातारे होणारच आहात की नाही?" या वाक्याने दहाही घरांची मते एका दमात तयार झाली.

बैठक गच्चीवर झाली. दहा कुटुंबे एका बाजूला, तिघे मालक दुसऱ्या बाजूला. आमच्यातल्या एका तरुणाने हात वर करावयास सांगितले, दहा हात वर झाले, आणि त्याने ठराव मंजूर झाला असे जाहीर करून टाकले. त्यावर दुकानदारांपैकी वडीलधारे होते ते उठले. आवाज न चढविता म्हणाले, "हात मोजता येत नाहीत जी गुरुजी. कागद पाहा." त्यांनी घोषणापत्राची प्रत बरोबर आणली होती. इमारतीत ती नीट वाचलेला माणूस ते एकटेच होते, हे आम्हा शिकल्यासवरल्यांना शोभण्यासारखे नव्हते.

त्या रात्री दहा घरांत जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. पैशाच्या जोरावर म्हातारीला वर कोंडून ठेवणारे लोक, असा एकंदर सूर होता. परंतु दुसरी बाजू मी दुकानात जाऊन ऐकली, आणि ती मला टाकाऊ वाटली नाही. लिफ्टचा खर्च कोणी भरावयाचा? कायद्याप्रमाणे सामाईक खर्च टक्क्यांनी. म्हणजे ज्यांना लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवावयाचे नाही त्या तिघांनी रुपयातले पंचावन्न पैसे द्यावयाचे आणि रोज वर-खाली करणाऱ्या दहा घरांनी पंचेचाळीस. "आमच्या मताला किंमत नाही, पण आमच्या पैशाला आहे, असं कसं चालंल?" हा त्यांचा प्रश्न होता. एक माणूस एक मत ही रीत मला मनापासून प्रिय आहे. पण दुसऱ्याच्या खिशातून अर्ध्याहून जास्त खर्च काढताना ती वापरावयाची असेल, तर तिच्यातला न्याय तपासून पाहावा लागतो.

इतर देशांनी या कोड्यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. जर्मनीच्या १९५१ च्या कायद्यात मूळ रीत डोकी मोजण्याचीच आहे. निराळे ठरविले नसेल तर प्रत्येक मालकाला एकच मत. फ्रान्सने हिस्सा मोजला, पण १९६५ च्या कायद्यात एक सुंदर पाचर मारून ठेवली : एकाच मालकाकडे अर्ध्याहून अधिक हिस्सा असेल तर त्याची मते बाकी सर्वांच्या मतांच्या बेरजेइतकी कमी करावयाची. म्हणजे मोठा मालक इतरांना अडवू शकतो, पण एकट्याच्या बळावर त्यांना ओढून नेऊ शकत नाही. आमच्या इमारतीत तिघे वेगवेगळे मालक असल्यामुळे फ्रेंच कायदा असता तरी कामी आला नसता, हे खरे. पण त्यात जी सावधगिरी आहे तिचे मला कौतुक वाटते.

आमचे प्रकरण चौदा महिने चालले. वकिलाकडे जाणे झाले, एकमेकांच्या मुलाच्या मुंजीला न जाणे झाले, एका दिवाळीला जिन्यात आकाशकंदील लागला नाही. शेवटी जे झाले ते मतदानाने झाले नाही. तेराही मालकांनी सही करून एक करार लिहिला : दुकानांनी जागा मोकळी करून द्यावी आणि लिफ्टच्या खर्चात काही देऊ नये, पहिल्या मजल्याने अर्धा वाटा द्यावा, वरच्या दोन मजल्यांनी पूर्ण. विजेचे बिल आणि दुरुस्ती याच हिशोबाने. वडीलधाऱ्या दुकानदाराने, मागितलेले नसताना, मालाची खोकी हलविण्याचा खर्च स्वतः केला. लिफ्ट बसली. काकू त्याआधी तीन महिने अमरावतीला मुलीकडे कायमच्या गेल्या होत्या. त्यांच्या दाराला कुलूप आहे. लिफ्टचा हप्ता मात्र त्या न चुकता पाठवितात.

सर्वांच्या सह्यांनी काम झाले, या गोष्टीचा विचार करीत असता साहजिकच मला पवनार आठवले. ते आमच्यापासून काही मैलांवर आहे. धाम नदीच्या काठावर, जेथे १९३८ पासून विनोबा राहत असत, तेथे २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई ही सर्व कामे स्वतः करावीत, आणि आश्रमाला कोणी मुख्य नसावे, अशी ती कल्पना. तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात. एकीचेही मन तयार नसेल तर विषय बाजूला ठेवावयाचा. मत घ्यावयाचे नाही. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण सगळेच म्हणतो. तीन विरुद्ध दोन यांत परमेश्वर तिघांच्याच मुखी कसा गेला, हा विनोबांचा आवडता आक्षेप होता. सर्वोदयी मंडळी आणखी एक बारीक भेद करतात. सर्वसंमती म्हणजे सर्वांना पटणे. सर्वानुमती म्हणजे न पटलेल्यानेही 'मी आडवा येत नाही' असे म्हणणे. आमच्या इमारतीचा करार दुसऱ्या जातीचा होता. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अजूनही म्हणतात की दुकानांनी थोडे तरी द्यावयास हवे होते.

साठाहून अधिक वर्षे एक आश्रम या रीतीने चालला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि तेथल्या बहिणी सर्व सोडून, एका उद्देशाने एकत्र आलेल्या. आम्ही एकत्र आलो ते बँकेने कर्ज दिले म्हणून. आणि ज्यांचा उद्देश एक होता त्यांच्यातही ही रीत नेहमी टिकली असे नाही. गांधीजींच्या मृत्यूनंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्ते जमले, आणि त्यातून पुढे सर्व सेवा संघ उभा राहिला. त्याचे निर्णय सर्वानुमते होत. १९७४ साली जयप्रकाशजींनी बिहारचे आंदोलन हाती घेतले तेव्हा संघातले बहुसंख्य कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते आणि विनोबांना ते मान्य नव्हते. बहुमताने ठराव करावयाचा तर ते संघाच्या रीतीत बसत नव्हते, आणि सर्वांचे मत एक होत नव्हते. जुलै १९७४ मध्ये वर्ध्याला अधिवेशन झाले. विनोबांनी तोड काढली की ज्याला जावयाचे त्याने आंदोलनात जावे, ज्याला नाही त्याने आपले काम करावे, सत्य, अहिंसा आणि संयम यांची मर्यादा सर्वांनी पाळावी. ती फार दिवस पुरली नाही. डिसेंबरात विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले. मार्च १९७५ मध्ये मंडळी पुन्हा पवनारला जमली, तेव्हा बोलणारे बोलत होते आणि ज्यांच्या शब्दाने गाठ सुटली असती ते पाटीवरही फारसे लिहीत नव्हते. संघात फूट पडली. जूनमध्ये आणीबाणी आली.

एकाच्या नकाराने सर्व थांबावे, या नियमाचे जगातले जुने उदाहरण पोलंडचे. तेथल्या संसदेत कोणाही एका सरदाराने 'मला मान्य नाही' म्हटले की अधिवेशनच मोडत असे. १६५२ साली हे प्रथम घडले, मग त्याची चटक लागली; शेजारच्या राजांना एखादा सरदार विकत घेणे सैन्य पाठविण्यापेक्षा स्वस्त पडू लागले. १७९१ च्या घटनेने हा अधिकार काढून टाकला, तोवर देशाचे लचके तोडले जाऊ लागले होते. मोठ्या शहरांत जुनी इमारत पाडून नवी बांधण्याची गोष्ट निघते तेव्हा एकदोघांच्या नकाराची किंमत अशीच वाढत जाते. म्हणून सरकारने सहकारी संस्थांसाठी २००९ च्या आदेशात तीन-चतुर्थांशांची अट ठेवली, आणि २०१९ च्या आदेशात ती एक्कावन्न टक्क्यांवर आणली. अडवणूक कमी झाली हे खरे. उरलेल्या एकोणपन्नासांत एखादी काकू असते, हेही तितकेच खरे.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करावयास लावणारा हिशोब सापडला तो कायद्याच्या पुस्तकात नव्हे, तर ग्रामदानात. १९५२ साली उत्तर प्रदेशातल्या मंगरोठपासून ग्रामदाने सुरू झाली, पण गावातल्या सर्वांनी जमिनीची मालकी सोडावी ही अट फार कडक ठरली. म्हणून १९६३ नंतर 'सुलभ ग्रामदान' आले. त्यात गाव ग्रामदानी केव्हा म्हणावयाचे? गावातले पंचाहत्तर टक्के लोक तयार असावेत, आणि त्यांच्याकडची जमीन गावच्या जमिनीच्या एक्कावन्न टक्के तरी असावी. दोन्ही मोजावयाचे : माणसेही आणि जमीनही. शंभर गरिबांनी मिळून दोन मोठ्यांची जमीन ग्रामसभेच्या नावे करावयाची नाही, आणि दोन मोठ्यांनी शंभरांच्या वतीने गाव दान करावयाचे नाही. निर्वाळा एकदा दोन्ही कसोट्यांवर झाला की पुढे ग्रामसभेत प्रौढ माणूस तेवढा सारखा. ग्रामदानाचे पुढे काय झाले हा निराळा आणि बराचसा दुःखद विषय आहे. पुष्कळ गावे कागदावरच राहिली. पण मालगुजारीच्या जिल्ह्यात आश्रम मांडून बसलेल्या माणसाच्या चळवळीने आणे आणि डोकी एकाच तागडीत घालून पाहिली, हे मला विसरता येत नाही.

आमच्या गच्चीवर ही दुहेरी कसोटी लावली असती तर लिफ्टचा ठराव त्या पहिल्या रात्री नापासच झाला असता : माणसे पुरली असती, हिस्सा पुरला नसता. पण दुकानदारांचा उलट ठरावही नापास झाला असता, आणि हात मोजणारा तरुण व कागद दाखविणारे म्हातारे दोघांनाही त्याच रात्री पुन्हा खाली बसावे लागले असते. चौदा महिने कदाचित लागले नसते.

असा बदल घोषणापत्रात करता येईल काय, हे मी पुढे पाहिले. १९७० च्या कायद्यात हिश्शाची शेकडेवारी कायम स्वरूपाची म्हटली आहे. ती बदलावयाची तर घोषणापत्र दुरुस्त करावे लागते, आणि त्यास सर्व मालकांची संमती लागते. एक्कावन्न टक्के नव्हेत, पंचाहत्तरही नव्हेत. हिश्शाने मत मोजणारा कायदा, हिस्सा बदलण्याची वेळ आली की पवनारच्या रीतीवर येऊन थांबतो. गेल्या वार्षिक बैठकीत मी हा विषय मांडला. वडीलधाऱ्या दुकानदारांनी कागद पुढे ओढून ते कलम दोनदा वाचले आणि विचार करून सांगतो म्हणाले.